दाढेत वाढलेलं मांस

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला हात धजत नाही.

खालच्या डाव्या दाढेला किडीने भगदाड पाडलंय, हे तुला ठाऊक आहे. आता ठणका थांबलाय, पण त्या भोकात मांस वाढलंय. जिभेला मऊ लागतं, चूळ भरली की रक्त येतं. बाबांचंही गालातल्या अशाच गाठीने सुरू झालं होतं ना? भट्टीवर काच फुंकताना गाल फुगवायची भीती वाटते. मुकादमाला सर्दी झाल्याचं सांगितलंय. हिला काही बोललो नाही. तूही बोलू नकोस.

लोभ असू दे, आज जरा जास्तच.
तुझा धाकटा

९ जून

चि. धाकट्यास,
अ. आ. अरे, लहानपणी काटा रुतला तरी गल्ली डोक्यावर घ्यायचास, आणि आता एवढं दुखणं गिळून बसलास? बाबाही असेच बसले. तोंडावर रुमाल धरून काही नाही म्हणायचे, आणि आपण ऐकलं. आता मी ऐकणार नाही. याच टपालाने तुझ्या बायकोला सगळं कळवलंय. राग माझ्यावर काढ, पण आधी दवाखान्यात जा.

तुझ्यावर डोळा ठेवून असलेली,
ताई

१६ जून

ती. ताईंना,
शि. सा. न. तुमचं पत्र आलं तसं यांना खिडकीपाशी बसवून तोंड उघडायला लावलं. बॅटरी धरून आत पाहिलं. दाढ अर्धी पोखरलेली, आत लालभडक गोळा.  हे आधी चिडले, मग मुकाट्याने चपला घातल्या.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. म्हणाल्या, दाढेची एक बाजू ढासळलीय, तिथे अन्न अडकून हिरडी दुखावत राहिली आणि सुजून पोकळीत वाढली; बहुतेक वेळा एवढंच असतं. हे त्या ‘बहुतेक’लाच अडकले. बाबांचं सांगितल्यावर बाई म्हणाल्या, तपासूनच घेऊ. भूल देऊन मांस कापलं, तपासायला पाठवलं. दाढेची नस मेलीय, म्हणून रूट कॅनाल सुरू केलंय.

घरात आम्ही एकमेकांना ऐकू जाईल म्हणून उसासाही टाकत नाही. तुमचा एक शब्द आला तरी धीर येईल.

आपली,
भावजय

२५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. ते मांस नुसतं हिरडीचंच निघालं. दुसरं काही नाही. दाढही वाचली, आता वर टोपी बसवायची.

बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी हसलो, आभार मानले, आणि खाली जिन्यात येताच मला रडू कोसळलं. ही औषधं घेऊन मागून आली. तिला वाटलं, बाईंनी मला एकट्यालाच काही वाईट सांगितलं. तीही भिंतीला टेकून रडायला लागली. समजूत काढायची तर माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी तिचा हात धरून ‘नाही, नाही’ अशी जोरजोरात मान हलवली, तेव्हा तिला कळलं. मग तिने मला पाठीत असा धपाटा घातला की जिना उतरणारे लोक थांबले.

ताई, बाबा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. भेटायला आलेल्या माणसांची सोय बघत फिरत होतो. परवा जिन्यात ते सगळं आलं.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा धाकटा