ताई, गच्चीची किल्ली माझ्याकडे आहे

ताई,

यात फायदा माझाच आहे: आठवड्यातून दोनदा, दोन तास नुसतं बसून राहायला मिळेल. इतक्या गोळ्या बदलूनही तुझं नैराश्य हटेना, त्यावर नाकात औषधाचा फवारा देणारं क्लिनिक अखेर सापडलं. फवाऱ्यानंतर दोन तास तिथेच थांबवतात, आणि सोबत कुणी असेल तरच घरी सोडतात. भावजींचं "बघू" तुला माहीतच आहे, म्हणून सोबतीला मी. मी सुट्ट्या मागितल्या म्हणून आमच्या पार्लरची मालकीण फुगलीय, फुगू दे. उद्या फक्त केस विंचरून तयार राहा.

गच्चीची किल्ली शोधू नकोस, देणार नाही; तुला एकटीला वर जाऊ द्यायचं नाही. क्लिनिक शोधायच्या धावपळीत तुझ्या वरच्या कुंड्यांना पाणी घालायचं राहिलं. झाडं सगळी वाळली. तू मात्र राहा. तुझ्या वाट्याचा भुर्दंड त्या झाडांनी भरलाय.

छोटी