दानियलबाबांच्या झांजा

मुलुंड, मंगळवार, १९ नोव्हेंबर १९५७

आज संध्याकाळी शांताबाईंना माती दिली. घरी आलो, पण जेवण गेलं नाही. सारख्या त्या झांजाच डोळ्यांपुढे.

आमच्या चर्चच्या मंडळीत खड्डा बुजेपर्यंत झांजांवर मराठी भजन चालायचं. नगरकडून आलेल्या म्हाताऱ्यांची रीत. गेल्या महिन्यात कमिटीने ती बंद केली. आता इंग्रजी गीतं, पुस्तकात बघून. तरुणांना तेच हवंय, असं पाळक म्हणाले. ठरावाला मीही हात वर केला. खरं कारण? ऑफिसातले लोक मयतीला आले की मला झांजांची लाज वाटायची. बस, एवढंच.

आज पाळकांनी इंग्रजी गीत सुरू केलं. चारपाच पोरं गुणगुणली, बाकीचे पुस्तकात तोंड घालून गप्प. मीसुद्धा. फावड्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

शांताबाईंचे यजमान, दानियलबाबा, काखेत कापडी पिशवी धरून कडेला उभे होते. ठरावाचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी तरी कुठे सांगितलं? लोक पांगले तरी ते हलेनात. मी म्हटलं, "बाबा, चला घरी."

त्यांनी पिशवीतून झांजा काढून माझ्या हातात दिल्या. "माझे हात कापतात रे. तू वाजव. तुझ्या बापाने शिकवलंय ना तुला? तिला अजून कुणी पोचवलंच नाही."

फाटकाशी ऑफिसातले दोघे माझ्यासाठी थांबले होते.

मी झांजा परत पिशवीत ठेवल्या. आवाज होऊ नये म्हणून मध्ये रुमाल घातला.