श्रुतिकाची मिशी

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

मरोळ, दि. ६ जानेवारी २०२५

ती. लवूदादास सुगंधाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून पत्र. तुझ्या लाडक्या भाचीने वाट लावली आहे. कॉलेजात संगीत नाटक बसवलंय, 'संगीत सासरा नांदायला'. त्यात सगळे पुरुष मुलींनी करायचे नि सगळ्या बायका मुलग्यांनी. आपली श्रुतिका झाली सासरा. मिशी लावून, मांडी ठोकून गाते, काय तर म्हणे चहा आणा. गुरुवारी पोथी वाचत होते तर आतून पुरुषी तान. अध्याय पहिल्यापासून वाचावा लागला.

शेजारचा देवेश नाटकात तिची बायको. त्याला नेसायला आईचं अंजिरी लुगडं हवंय. ते मी देवाच्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली आहे. आईचं लुगडं थट्टेसाठी नाही.

प्रयोग पंचवीसला आहे. करायचा नाही, असं तिला बजावलंय. ती जेवत नाही, मी बोलत नाही. तू मामा आहेस, चार शब्द सुनाव. लोभ आहेच, या वेळी तो माझ्या बाजूने असू दे.

सुगंधा

मु. कुडाळ, दि. १३ जानेवारी

चि. सौ. सुगंधास अनेक आशीर्वाद.

सुनावतो, पण तुला. बत्तीस वर्षं मी दशावतारात स्त्रीपार्टी करतोय, बायकांचीच कामं. पहिली द्रौपदी उभी केली ती आईच्या त्याच लुगड्यात. भुवया तू काजळाने कोरल्यास, वर माझ्या पाया पडलीस. तेव्हा लुगडं बाटलं नाही, आता बाटतं?

आणि बाये, त्याच वर्षी परकराचा काचा मारून तू पडवीत उभी राहिलीस, मलाही राजा करायचाय म्हणालीस. बाबांनी तुला गप्प केलं. मी लुगड्यात होतो, नि मी हसलो. ते अजून टोचतं. आज तू बाबांसारखं बोलतेस, त्याचा राग आला. पोरीला जेवायला घाल.

माया होती तशीच आहे, रागासकट.

लवू

मरोळ, दि. २६ जानेवारी

ती. लवूदादास शि. सा. न.

टोचतं म्हणे. मग बत्तीस वर्षांत एकदा तरी सांगायचंस. दोन दिवस भांडी आपटली मी.

तिसऱ्या दिवशी तालमीला गेले, नुसतं बघायला. देवेश बाई म्हणून कंबर मोडत चालला नि पोरं खिदळली. माझं डोकं फिरलं. उठून म्हटलं, नऊवारीतली बाई झुलत नाही रे, तिला घाई असते. गॅसवर दूध ठेवलंय समजून चाल. चार दिवस त्याला चालवला, मगच लुगडं दिलं. काल प्रयोगात त्याने सासऱ्यापुढे कप असा आदळला की लोक सासऱ्याला हसले.

त्याआधी रंगपटात वेगळंच झालं. श्रुतिकाची चिकटवलेली मिशी गाताना सुटत होती. मी ती ओढून काढली नि काजळाने नवी कोरली. हात विसरला नव्हता. तेवढ्यात हे आत आले. सगळ्या पोरांदेखत म्हणाले, लग्नाच्या पोरीला मिशा रंगवतेस, लाज आहे का?

बोटाला काजळ उरलं होतं. ते मी माझ्याच ओठावर ओढलं नि त्यांना म्हटलं, "चहा आणा."

कँटीनमधून आणला. साखर कमी होती.

तुझ्यावरचा राग अजून निवळलेला नाही. तो निवळेपर्यंत आणि पुढेही लोभ असू दे.

सुगंधा