नारळामागचे हात

२ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७.३०
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा सत्कार सोहळा दणक्यात झाला. नियोजन शंभर टक्के माझं. एक किरकोळ प्रकार घडला. प्रमुख पाहुणे सोमनाथभाऊ (यंदा महापालिकेला उभे राहणार) यांना नारळ लागला. कानशिलावर, तीन टाके.

फेकणारा पुंजाराम, आमच्या कॉलनीला पाणी सोडणारा व्हॉल्वमन. एकतीस वर्षं नोकरी झाली, या महिनाअखेरीस रिटायर. सत्कार त्याचाच होता आणि नारळही सत्काराचाच. पोलीस घेऊन गेले.

इतका गरीब माणूस असं का करेल? मी एकोणतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं आहे. उत्तर उघड आहे. राजकारण.

शालीचा विषय इथे लिहायचं कारण नाही. तिचा काही संबंध नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.००
जॉगिंग ट्रॅकवर आज चालणं कमी, चर्चा जास्त. चिमाजीराव (रिटायर्ड तलाठी) म्हणाले की माणसाचं डोकं सटकलं असेल, दर भांडणात पक्ष कशाला शोधायचा? मी समजावलं, की सार्वजनिक ठिकाणची हिंसा कधीच खाजगी नसते. व्यासपीठ, माइक, तोंडावर आलेली निवडणूक. सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं, म्हणजे पटलं. मग चिमाजीरावांनी विचारलं, की ते स्वतः मागे चहापाशी होते, तर फेकायच्या आधी स्टेजवर नेमकं काय झालं? मी बुटाची लेस बांधायला लागलो. माझ्या बुटांना लेस नाही.

दुपारी एका यूट्यूब चॅनेलची मुलगी येऊन गेली. यामागचे हात शोधले पाहिजेत, असं मी ठामपणे सांगितलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
व्हिडिओ साडेअकरा हजार लोकांनी पाहिला! सोमनाथभाऊंचा फोन. म्हणाले, सर, नेमकं बोट ठेवलंत. त्यांच्या लोकांनी चौकात निषेध केला. समोरचे म्हणतात, भाऊंनी स्वतःच नारळ मारून घेतला. पोलीस पुंजारामला विचारतायत की तुला कोणी पाठवलं. तो एवढंच म्हणतो की राग आला.

नळाला पाणी नाही. बदली माणसाला कुठला व्हॉल्व किती फिरवायचा ते कळत नाही.

जेवताना प्रतिभा म्हणाली, की मी पहिल्या रांगेत बसले होते. मग भाजी वाढायला लागली. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, तिचं न बोलणं मला कळतं.

५ नोव्हेंबर, बुधवार
शालीचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

शाली बारा होत्या, सत्कारमूर्तीही बारा. ऐनवेळी भाऊंनी आपली सात माणसं यादीत घातली. अशा वेळी सगळेच आयोजक करतात तेच मी केलं. फोटो झाला की एक शाल परत घ्यायची, घडी घालायची आणि पुढच्याला घालायची. फक्त ती पहिली शाल कुणाची घ्यायची? डॉक्टर होते, मुख्याध्यापक होते. मी पुंजारामची घेतली. त्याला काही वाटणार नाही, असं मला वाटलं.

घोटीहून त्याच्या बायकोच्या, कुसाबाईंच्या माहेरची पंधरा माणसं आली होती. मोबाइल वर धरून उभी होती. त्याने शालीचं टोक घट्ट धरलं होतं. मी ओढली. अरे सोड, पुढच्याला द्यायचीय, असंही म्हणालो. पहिली रांग हसली.

नारळ भाऊंना मारलाच नव्हता. मला मारला होता. मी खाली वाकलो आणि मागे भाऊ होते.

उद्या पोलीस स्टेशनला जाऊन सगळं सांगणार. अर्थात, तरीही राजकीय हेतू पूर्णपणे नाकारता येत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
गेलो. साहेबांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, व्हिडिओची तारीफ केली. जबाब आधीच टाइप केलेला होता. 'राजकीय हेतू नाकारता येत नाही' हे माझंच वाक्य त्यात होतं. बिचाऱ्या हवालदाराची मेहनत वाया घालवणं बरं दिसलं नसतं. सही केली.

बाहेर बाकावर कुसाबाई डबा घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, की सर, तुम्ही तिथंच व्हते, तुम्ही खरं सांगितलं ना? मी हो म्हणालो. कोठडीत दोन दिवसांच्या वर गेले म्हणून नियमाने त्याला सस्पेंड केलंय, असं त्यांनीच सांगितलं. रिटायर व्हायला चोवीस दिवस राहिलेत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
पोलिसांना पत्र लिहायला घेतलं. तीन मसुदे झाले. तिसऱ्यात शालीचं 'वस्त्रविषयक गैरसमज' झालं. फाडला. शनिवार-रविवार तसंही सरकारी काम होत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
संघात चर्चासत्र ठेवलं. विषय: 'सार्वजनिक हिंसा: राजकीय की वैयक्तिक?' सगळ्यांसमोर, माइकवर कबूल करायचं, असं ठरवूनच गेलो. चाळीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. कबूल करायचं राहिलं. चिमाजीरावांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर वेळ संपल्याचं जाहीर केलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ९.००
पुंजारामला काल जामीन मिळाला. आज सकाळी दोघं दारात. चपला बाहेर काढलेल्या. आता हा शेजाऱ्यांदेखत बोलणार. प्रतिभा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

पुंजाराम म्हणाला, की सर, लय चुकलं, माझ्यापायी तुमचा कार्यक्रम नासला. शालीचं पोलिसांना सांगितलंच नाय म्हणाला. सासरच्या माणसांदेखत अंगावरची शाल गेली, हे चारचौघांत कसं सांगायचं, लाज वाटती. आणि ते सांगितलं असतं तर तुमचं नाव आलं असतं. शिकल्या-सवरल्या माणसाला पोलिसांचं लचांड कशाला?

कुसाबाई माझ्याकडे बघत होत्या. प्रतिभाही. मला फक्त दोन वाक्यं बोलायची होती. शाल मी ओढली. नारळ मला होता.

मी म्हणालो, जाऊ दे, मी माफ केलं.

तो पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले नाहीत.