बाळाच्या पोटातली किटली

मावशी,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते (लांबूनच, बाळ मांडीवर झोपलंय, वाकले तर उठेल). गुडघा कसा आहे? काकांचा खोकला गेला, का अजून शेजाऱ्यांना उठवतायत? आम्ही सगळे बरे. म्हणजे आता बरे. फोन नाही केला, कारण मी रडायला लागले की तुला वाटतं रेंज गेली, आणि तू ठेवून देतेस.

तर ऐक. इथलं पाणी जड आहे. किटलीत उकळलं की तळाला पांढरा थर धरतो, चमच्याने खरवडला तर कपच्या निघतात. मी ह्यांना दाखवलं. हे कामाला मोठ्या लाँड्रीत, तिथल्या बॉयलरशी ह्यांचं बायकोपेक्षा जास्त जमतं. जेवता जेवता म्हणाले, "हे तर काहीच नाही. आमच्या बॉयलरची नळी ह्याच पाण्याने बुजते. छिन्नीने फोडावं लागतं." एवढं बोलून परत ताटात लक्ष. मी मात्र ताट बाजूला सारलं. मावशी, बॉयलरची नळी मनगटाएवढी, ती बुजते. मी बाळाला अंगावर पाजते, म्हणजे माझ्या पोटातलं तिच्या पोटात. तिच्या नळ्या केवढ्याशा असतील! तिथे छिन्नी कोण मारणार?

माझं तोंड बघून ह्यांनी फिल्टर आणून बसवला. किटली चकाचक. मला वाटलं, सुटले. तर खालच्या मजल्यावरची काकू आली, एक घोट घेतला आणि नाक मुरडून म्हणाली, "अगं, ह्यात काही उरलंच नाही. सगळा कस काढून टाकलाय. असल्या पाण्याने पोराची हाडं मऊ राहतात, सांगून ठेवते." सांगून ठेवलं आणि चहा पिऊन गेली. (चहा त्याच पाण्याचा. दोन कप.)

आता इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींचं पाणी वाईट! अर्धं अर्धं मिसळून बघितलं, तर वाटलं, आता नळ्याही बुजणार आणि हाडंही मऊ होणार. मग मी डोकं चालवलं. पाणी प्यायचंच बंद केलं. घसा अगदीच चिकटला तर एक घोट. दोनतीन दिवसांत बाळ किरकिरायला लागलं. पीत होतं आणि रडत होतं, सोडत होतं आणि रडत होतं. मी म्हटलं, झालं, बुजल्या.

किटलीतल्या कपच्या रुमालात बांधल्या आणि दवाखान्यात पळाले. नर्सबाईंनी बाळाला तपासलं, मग रुमाल सोडला. एक कपची बोटात चुरली. "हा खडूचा भाऊ. हाडांना लागतो तोच माल. तुझं पोट म्हणजे काय बॉयलर आहे? तिथे कोण जाळ लावतंय? आणि काकूला सांग, हाडं जेवणावर होतात, फिल्टरचं पाणी प्यायलं म्हणून मऊ पडत नाहीत." मग माझ्या ओठांकडे बघून म्हणाल्या, "तू दिवसभरात पाणी किती पितेस गं?" मी फुशारकीने सांगितलं, जवळजवळ नाहीच.

बाई हसल्या नाहीत. नळाच्या पाण्याने पेला भरून आणला आणि संपेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग दुसरा. "बाळ बरंय. सुकलीयस तू. आई सुकली की लेकराचे हाल. कुठलंही स्वच्छ पाणी पी, पण पी." मावशी, मी पीत होते आणि रडत होते. जेवढं आत, तेवढं बाहेर.

आता बाळ पोटभर पितं. पोट किटलीसारखं गोल झालंय. हे येताजाता बाटली पुढे करतात आणि बॉयलरचा काटा बघावा तसे माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी आता अजिबात घाबरत नाही. तू काळजी करू नकोस, यायची काही गरज नाही.

तुझी भाची

ता. क. बाळाला आत्ता शिंक आली. एकच. पण उजव्या बाजूला बघून दिली. त्याचं काही असतं का?

आणखी एक ता. क. तुझ्याकडचा अंघोळीचा हंडा आठवला. आतून पांढराफटक. मी विचारलं की तू म्हणायचीस, "म्हातारा झालाय तो, केस पिकलेत." म्हणजे मी तेच पाणी पिऊन एवढी झाले! तू शेजारी होतीस म्हणून तेव्हा भीती नाही वाटली. यायची गरज नाही असं वर लिहिलंय ना, ते खोड. ये.