आपल्या गल्लीतलं झाकण

बाबा, इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहितेय. कलकत्त्याच्या गटारांचे तुम्ही साहेब. पावसाच्या आधी गल्लोगल्लीची झाकणं उघडायची, गाळ उपसून घ्यायचा, हे तुमचं काम. "गटार तुंबल्यावर नाही, वाहतंय तोवर साफ करायचं असतं," असं तुम्ही जेवताना सांगायचात आणि आई म्हणायची, "अहो, निदान आमटी तरी गिळू द्या!" पण आपल्याच गल्लीतलं झाकण तीन वर्षं उघडलं नव्हतं. मोरीतून पाणी उलटायला लागलं तेव्हा आई कडाडली. तुम्ही म्हणालात, "लोक म्हणतील, साहेबानं आधी स्वतःचं दार धुऊन घेतलं. आपली गल्ली शेवटी." काय तो ताठा! आपली पाळी येण्याआधी दरवर्षी पाऊस येऊन ठेपायचा.

मग त्या आषाढात तळमजल्यावरच्या बंगाली मावशींच्या, मासीमांच्या, स्वयंपाकघरात गुडघाभर घाण शिरली. आई खाली त्यांची भांडी वाचवतेय, मी दहा वर्षांची, गॅलरीत. साहेबाच्याच गल्लीत ही दशा, म्हणून शेजारी हसतायत, ओरडतायत. तुम्ही तुमची माणसं बोलावलीत. त्यातला एक ठेंगणा बिहारी, ज्याच्या मुलीला माझे जुने फ्रॉक जायचे, वर बघून मला हात करतो, झाकण सरकवतो आणि झटकन मागे होतो. "साहब, थोड़ी देर खुला रहने दीजिए. हवा ख़राब है." एरवी तुम्हीच तासभर झाकण उघडं ठेवायला लावायचात, आत कंदील सोडून तो विझतो का ते बघायचात. त्या दिवशी म्हणालात, "जाओ, जल्दी करो."

कमरेला दोर बांधून तो उतरला. थोड्या वेळानं दोर हलायचा थांबला. वर ओढला तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. अहो, पाच मिनिटांपूर्वी त्यानं मला हात केला होता! मेला म्हणजे काय, हे मला कळेचना. तुम्ही फूटपाथवर त्याच्याशेजारी बसलात आणि कितीतरी वेळ उठलाच नाहीत. नंतर घरात कामाबद्दल एक अक्षर काढलं नाहीत, आणि मी आयुष्यभर तुमच्यावर चिडत राहिले. हे पत्र मी कुठल्या पत्त्यावर टाकणार? ते इथेच राहील. तुम्ही "जाओ" म्हणण्याआधी मी गॅलरीतून ओरडले होते, "बाबा, लवकर करा ना, सगळे हसतायत आपल्याला!" तुम्ही वर पाहिलंत, मग त्याच्याकडे वळलात. आई आत मासीमांकडे होती; तिथे मराठी कळणारे आपण दोघंच होतो. तुम्ही आईलाही कधी सांगितलं नाहीत. मीही नाही.