प्रत्येक टकरीची वेगळी फाइल

सोमवार, ४ मार्च

डेटा साठवायच्या डिस्क मंद आहेत, असं आज बैठकीत ठरलं. एकमताने! डिस्कना कुणी विचारलं नाही. आमचे विभागप्रमुख — कणांच्या टकरी मोजण्यात हयात गेली म्हणून पोरं त्यांना टक्करसर म्हणतात — म्हणाले, "नवीन घ्या. महागातल्या घ्या." मी म्हटलं, आधी मोजून बघते.

"मोजायचं काय त्यात? दिसतंय की!"

भौतिकशास्त्रज्ञ बोलत होते, बरं का.

मंगळवार, ५ मार्च

मोजलं. डिस्क पाहुणा म्हणून आलेल्या जावयासारख्या नुसत्या बसून आहेत. दमलाय तो कोणती फाइल कुठे आहे हे सांगणारा एकटा सर्व्हर. कारण इथे प्रत्येक टकरीची वेगळी फाइल. चार कोटी फाइली! पोतंभर मोहरी, दाणा न् दाणा स्वतंत्र पुडीत बांधलेला. मूठभर हवी तर बसा सोडत.

रोग रेड्याला, औषध पखालीला. आणि पखालीचं टेंडर निघतंय.

ही पद्धत सरांचीच. "प्रत्येक टकरीला तिची स्वतःची जागा हवी." त्यांच्या तरुणपणी फाइली शेकड्यांत होत्या, तेव्हा शोभलं असेल.

गुरुवार, ७ मार्च

ताई याच विभागात संशोधक. मी डिस्कवाली. आई लोकांना सांगते, "मोठी विश्वाचा शोध लावते, धाकटी कॉम्प्युटर दुरुस्त करते." चूक काहीच नाही त्यात.

ताईला आलेखात एक उंचवटा सापडलाय — जिथे काही नसायला हवं तिथे. नवा कण असू शकेल. येत्या एकोणीसला, मंगळवारी, तिची कायमच्या जागेसाठी मुलाखत. इतकी वर्षं वर्षावर्षाच्या करारावर काढली. आता करारही संपतोय. हातात दाखवायला हा एकच उंचवटा. तोही दहाव्या हिश्श्याच्या डेटावर, कारण बाकीचा वाचायचा तर वर्ष जाईल.

"सगळा वाचून दे ना गं. मग बघते कोण नाही म्हणतं!"

दे म्हणे. जसा काही मी चहाच टाकतेय.

शुक्रवार, ८ मार्च

सरांना सांगितलं — लाखभर टकरी एका फाइलीत बांधू, आत कोणती कुठे याची अनुक्रमणिका ठेवू.

सर दुखावले. "माझ्या टकरी गोणीत भरणार?"

"हो सर."

"एखादी हरवली म्हणजे?"

"मोजून भरीन."

शेवटी ताई मध्ये पडली. "करू दे सर तिला. जबाबदारी माझी."

माझं काम, जबाबदारी हिची. लहानपणापासूनची खोड.

सोमवार, ११ मार्च

बांधणी चालू. सर लग्नघरातल्या आत्यासारखे खुर्चीमागे येऊन उभे राहतात. बोटांवर टकरी मोजतात.

बुधवार, १३ मार्च

एकही टक्कर हरवली नाही. उलट दोन जास्त निघाल्या — सरांनीच कधीतरी दोनदा ठेवलेल्या. बोलले नाही. माणसाला म्हातारपणी काहीतरी आधार हवा.

गुरुवार, १४ मार्च

ताईचा प्रोग्राम त्याच जुन्या दहाव्या हिश्श्यावर चालवून पाहिला. महिनाभराचं काम चहा निवायच्या आत! उंचवटा जागच्या जागी.

सर पडद्याकडे बघत म्हणाले, "बघा, मी म्हणतच होतो, डिस्क चांगल्या आहेत." टेंडर रद्द. श्रेय सरांचं. मी "हो सर" म्हटलं — हल्ली छान जमतं मला ते.

ताईने सगळ्यांसमोर माझा गाल ओढला. शी! आता या वयात?

बरं वाटलं. ते इथेच राहू दे.

शनिवार, १६ मार्च

सकाळी ताईने घरूनच पूर्ण डेटा लावला. दुपारी संपला. हाका मारल्या तरी जेवायला येईना, म्हणून तिच्या खोलीत गेले.

पडद्यावर आलेख. सपाट. इस्त्री फिरवल्यासारखा.

थोड्याच टकरी पाहिल्या की योगायोगही डोंगराएवढा दिसतो. सगळ्या पाहिल्या आणि तो विरला. मी बांधणी पुन्हा तपासली, अनुक्रमणिका तपासली, मग सगळं पहिल्यापासून. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, माझी चूक निघावी.

नाही निघाली. अजून हे आम्ही दोघींनीच पाहिलंय.

"जेवून घे," म्हणत ताट तिथेच आणून ठेवलं.

रविवार, १७ मार्च

ताई माझ्या दारात येऊन उभी राहिली. "मंगळवारपर्यंत सगळं परत हळू करता येईल का गं?"

मी हसले.

ती हसत नव्हती.